स्थानिक गॅलरीशी पहिला लेखी करार: एडिशन किती प्रतींची असावी आणि कमिशन कशावर मोजावे?

प्रश्न : राखाडीछटा

मी कृष्णधवल छायाचित्रण करतो. बंद पडलेल्या कारखान्यांच्या आतील रिकाम्या जागा हा माझा विषय आहे. यंत्रे उचलून नेल्यानंतर फरशीवर उरलेले तेलाचे डाग, वर्षानुवर्षे पट्टे घासून भिंतीवर उमटलेले ठसे, धुरकट काचांतून झिरपणारा उजेड अशा चित्रांची एक मालिका माझ्याकडे तयार आहे. आजवर अधूनमधून समूहप्रदर्शनांत माझी चित्रे लागली आणि त्यांतील काही विकलीही गेली, परंतु ते सगळे व्यवहार तोंडी झाले होते. त्या प्रतींवर माझी सही आहे, क्रमांक मात्र नाही.

आता आमच्या भागातील एका लहान, पण चोखंदळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गॅलरीने एकल प्रदर्शनाचा प्रस्ताव ठेवला असून कराराचा मसुदाही पाठवला आहे. विक्रीच्या रकमेतील निम्मा वाटा गॅलरीचा, छपाईचा आणि फ्रेमचा खर्च माझा, आणि प्रदर्शनानंतर एक वर्षापर्यंत माझे कोणतेही काम अन्यत्र, म्हणजे माझ्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनसुद्धा, विकायचे नाही, अशा त्यातील मुख्य अटी आहेत. एडिशनची, म्हणजे एका चित्राच्या ठरवून मर्यादित ठेवलेल्या क्रमांकित प्रतींची, संख्या लिहिण्याची जागा कोरी ठेवली आहे.

ती संख्या कशी ठरवावी, पूर्वी विकलेल्या विनाक्रमांक प्रतींचे काय करावे, आणि निम्मे कमिशन व वर्षभराची बंदी या अटी रूढ आहेत की माझ्या नवखेपणामुळे घातल्या आहेत, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. गॅलरीवर माझा अविश्वास नाही. तिच्याशी दीर्घकाळ संबंध राहावा अशीच इच्छा आहे.

उत्तर : जुनी_निगेटिव्ह

आधी एडिशनविषयी लिहितो, कारण कमिशनचा आकडा पुढच्या प्रदर्शनाच्या वेळी बदलता येतो, पण एडिशनचा आकडा एकदा जाहीर केला की तो मोठा करता येत नाही.

छायाचित्राची प्रत कितीही वेळा काढता येते, आणि म्हणूनच ‘एवढ्याच काढीन’ हे वचन छायाचित्रकाराला स्वतःहून द्यावे लागते. चित्रकाराच्या कॅनव्हासला अशा वचनाची गरज पडत नाही. अन्सेल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये टिपलेल्या ‘मूनराइज, हर्नान्डेझ’ या छायाचित्राच्या त्यांनी आयुष्यभरात १,३०० हून अधिक प्रती काढल्या असे मानले जाते, आणि त्याला त्या काळी कोणी हरकत घेतली नाही, कारण मर्यादित एडिशनची प्रथाच तेव्हा छायाचित्रणात फारशी रुजलेली नव्हती. प्रतींना मागणी वाढली, गॅलऱ्या आणि लिलावगृहे त्यांचा व्यापार करू लागली, तेव्हा ती प्रथा आली. ब्रेट वेस्टन यांनी तर १९९१ मध्ये आपल्या ८० व्या वाढदिवशी बहुतेक निगेटिव्ह जाळून टाकल्या, कारण प्रत काढणे हे छायाचित्रकाराचे स्वतःचेच काम आहे आणि आपल्या पश्चात दुसऱ्या कोणी ते करू नये, असे त्यांचे मत होते. तुम्हाला त्या थराला जाण्याचे कारण नाही. मात्र वचन काय देतो आहोत हे शब्दांत नेमके मांडता आले पाहिजे.

नेमके म्हणजे काय, ते विल्यम एगलस्टन यांच्या खटल्यावरून कळते. रंगीत छायाचित्रणाला कलासंग्रहालयांची दारे उघडून देणाऱ्या मोजक्या लोकांपैकी ते एक. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील १९७६ चे त्यांचे प्रदर्शन सर्वज्ञात आहे. त्यांच्या जुन्या प्रती डाय ट्रान्सफर (एकेक रंग कागदावर उतरवून छापण्याची जुनी पद्धत) पद्धतीच्या आणि मर्यादित एडिशनमधल्या होत्या. पुढे त्यांतील काही चित्रांच्या डिजिटल पद्धतीने काढलेल्या, बऱ्याच मोठ्या आकाराच्या प्रती तयार झाल्या आणि मार्च २०१२ मध्ये अशा ३६ मोठ्या प्रतींचा लिलाव झाला. जुन्या प्रती जमवलेल्या एका संग्राहकाने आपल्या संग्रहाचे मोल घटले असा दावा करून खटला भरला, आणि २०१३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. वेगळ्या पद्धतीने आणि वेगळ्या आकारात काढलेल्या प्रती ही वेगळी एडिशन ठरते, असा त्या निर्णयाचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने छायाचित्रकार जिंकला. पण तुमचे वर्तुळ लहान आहे, तुमची चित्रे घेणारे वीस-पंचवीस लोक एकमेकांना उद्घाटनाला भेटतात, आणि त्यांच्यापैकी एकालाही फसवणूक झाल्यासारखे वाटले तर न्यायालयाचा निकाल दाखवून उपयोग होणार नाही.

म्हणून माझा आग्रह असा की एडिशनची संख्या सर्व आकार मिळून ठरवा. युरोपीय संघाच्या मूल्यवर्धित कराच्या २००६ च्या निर्देशात छायाचित्राला कलाकृती मानण्यासाठी जी व्याख्या दिली आहे, ती या बाबतीत चांगला आधार आहे: छायाचित्र कलावंताने स्वतः टिपलेले असावे, प्रत त्याने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेली असावी, तिच्यावर सही व क्रमांक असावा, आणि सर्व आकार व सर्व प्रकारचे माउंट (चित्र ज्यात बसवतात तो बोर्ड) धरून एकूण प्रती ३० पेक्षा जास्त नसाव्यात. तुम्ही त्या कराच्या कक्षेत असा वा नसा, ही मोजपट्टी हाताशी ठेवावी. लहान गॅलरीसाठी मी ३० पर्यंतही जाणार नाही. एका चित्राच्या लहान आकारात आठ आणि मोठ्या आकारात चार प्रती, शिवाय तुमच्या स्वतःसाठी ‘आर्टिस्ट्स प्रूफ’ म्हणून दोन, असे काहीसे प्रमाण पुरेसे होते. ती दोन प्रूफेसुद्धा करारात लिहा, कारण न लिहिलेली प्रूफे पुढे फुगत जातात असा संशय घेणारे संग्राहक असतात, आणि त्यांचा संशय नेहमीच निराधार असतो असे म्हणता येत नाही.

पूर्वी विकलेल्या प्रतींविषयी माझे मत पक्के आहे: त्या एडिशनमध्येच धरा. एखाद्या चित्राच्या तीन प्रती आधी गेल्या असतील तर पहिले तीन क्रमांक त्यांच्यासाठी राखून ठेवा, घेणाऱ्यांशी संपर्क साधून त्यांना क्रमांक नोंदवलेले प्रमाणपत्र द्या, आणि गॅलरीला हे आधीच सांगा. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांचे क्रमांकही रिकामेच राहू द्या. नवी विक्री चौथ्या क्रमांकापासून सुरू होईल आणि याने तुमचे काही बिघडणार नाही. उलट एखाद्या चित्राला आधीच मागणी होती हे त्यातून आपोआप दिसते.

उत्तर : दालनातली_मी

मी एका गॅलरीत काम करते, त्यामुळे माझे उत्तर दुसऱ्या बाजूचे आहे हे लक्षात घेऊनच वाचावे.

निम्मे कमिशन रूढ आहे. चाळीस टक्क्यांवर काम करणाऱ्या गॅलऱ्या आहेत, सहकारी तत्त्वावर चालणाऱ्या जागांत ते आणखी कमी असते, पण तिथे भिंतीचे भाडे किंवा वर्गणी आणि प्रदर्शनकाळात दालनात बसण्याची पाळी तुमच्यावर येते. तुम्ही टक्क्यांवरून ताणू नका. टक्का कशावर मोजायचा यावर बोला. शंभर भागांना एक चित्र विकले गेले, त्यात फ्रेमचा खर्च वीस भाग आणि छपाईचा दहा भाग आहे असे समजू. गॅलरीने पूर्ण शंभरावर निम्मे घेतले तर तुमच्या हाती पन्नास येतात आणि खर्च वजा जाता वीस उरतात. तेच फ्रेमचे वीस भाग आधी बाजूला काढून उरलेल्या ऐंशीचे दोन वाटे केले, तर तुम्हाला चाळीस अधिक वीस असे साठ मिळतात आणि खर्च वजा जाता तीस उरतात. टक्का तोच राहूनही तुमची मिळकत दीडपट होते. फ्रेमवर कमिशन घेऊ नये ही मागणी रास्त आहे, आणि ती नीट मांडली तर बहुतेक गॅलऱ्या मान्य करतात.

दुसरी बाब सवलतीची. नेहमीच्या ग्राहकाला दहा टक्के सूट देण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि ती कोणाच्या वाट्यातून जाणार हे मसुद्यात बहुधा लिहिलेले नसते. दोघांनी सारखी सोसावी, आणि दहा टक्क्यांच्या वर जायचे असेल तर तुम्हाला विचारल्याशिवाय जाऊ नये, एवढे वाक्य घालून घ्या.

वर्षभराच्या बंदीबाबत मात्र तुमच्या मसुद्यातील शब्द फारच सैल आहेत. ‘कोणतेही काम’ म्हणजे उद्या तुम्ही एखादा वेगळा विषय हाती घेतला तर तोही अडकला. गॅलरीची भीती समजण्यासारखी आहे: तिने भिंत दिली, निमंत्रणे पाठवली, उद्घाटन केले, आणि पाहुणे चित्र पाहून घरी गेल्यावर तेच चित्र तुमच्याकडून परस्पर कमी दरात घेऊ लागले, तर तिच्या श्रमांचे काय? या भीतीचे निवारण करूनही बंदी आटोक्यात ठेवता येते. ती प्रदर्शनातील चित्रांपुरतीच असावी, गॅलरीच्या परिसरापुरतीच असावी, आणि मुदत प्रदर्शन संपल्यापासून सहा महिन्यांची असावी. तुमच्या संकेतस्थळावर ती चित्रे दिसू द्यावीत, फक्त खरेदीची चौकशी गॅलरीकडे वळवावी, आणि दर दोन्हीकडे अगदी एकच ठेवावा. दरातील तफावत आम्हाला कळत नाही असे कलावंतांना का वाटते, ते मला आजवर समजलेले नाही.

आणखी एक. चित्रे गॅलरीकडे सोपवताना प्रत्येक चित्राचे नाव, आकार, एडिशन क्रमांक, दर आणि अवस्था लिहिलेली यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. पूर्ण पैसे मिळेपर्यंत चित्राची मालकी तुमचीच राहील, विक्रीनंतर ३० दिवसांत तुमचा वाटा दिला जाईल, दालनात असताना नुकसान झाल्यास गॅलरी तुमच्या वाट्याइतकी भरपाई देईल, आणि चित्र विकले तरी त्याचे स्वामित्वहक्क, म्हणजे पुस्तकात वा अन्यत्र छापण्याचे हक्क, तुमच्याकडेच राहतील, या चार गोष्टी स्वतंत्रपणे लिहिलेल्या असाव्यात. गॅलरी बंद पडली आणि तिच्या भिंतींवरची चित्रे तिच्याच मालमत्तेत मोजली गेली, असे घडते. तेव्हा हातात यादी असलेला कलावंत आपली चित्रे घेऊन जाऊ शकतो.

उत्तर : खुली_प्रत

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरीही एडिशनच्या मूळ कल्पनेलाच माझा आक्षेप आहे. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून किंवा लाकडी ठशावरून छाप घेताना ठसा झिजतो, त्यामुळे सुरुवातीच्या छापांना मोल येते आणि संख्येला अर्थ राहतो. डिजिटल फाइल झिजत नाही. तिची पहिली आणि शंभरावी प्रत सारखीच असते. ही टंचाई निव्वळ बाजारासाठी निर्माण केलेली आहे, आणि त्यामुळे छायाचित्र ज्या साध्या घरांत जाऊ शकले असते तिथे ते पोहोचत नाही. प्रश्नकर्त्याने लहान आकाराच्या प्रती अमर्याद ठेवून वाजवी दरात विकाव्यात, आणि गॅलरीला फक्त मोठा आकार द्यावा, असे मी सुचवेन.

उत्तर : जुनी_निगेटिव्ह

आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. डिजिटल प्रतीच्या बाबतीत १/८ (आठांपैकी पहिली प्रत) हा क्रमांक ७/८ पेक्षा सरस नसतो, आणि तसे भासवणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहावे. तथापि लहान आकार अमर्याद आणि मोठा मर्यादित अशी विभागणी तेच चित्र घेऊन कराल, तर गॅलरीतला ग्राहक विचारतो की मला मग नेमके काय मर्यादित मिळाले? त्यापेक्षा काही चित्रे पूर्णपणे खुली ठेवा, ती प्रदर्शनात लावू नका, आणि प्रदर्शनातील चित्रे पूर्णपणे मर्यादित ठेवा. साध्या घरांचा प्रश्न छोट्या पुस्तिकेनेही सुटतो. कारखान्यांच्या मालिकेला तर पुस्तिका फार शोभेल.

उत्तर : भिंतभर

मी चित्रे विकत घेतो, काढत नाही. आमच्या बाजूने थोडेसे सांगतो.

एडिशन आठची की बारांची यावर माझा निर्णय कधी अडलेला नाही. अडतो तो दरांच्या चढणीवर. सुरुवातीच्या प्रती एका दराला आणि एडिशन संपत आली की वरच्या दराला, ही पद्धत मला पटते, पण ते टप्पे पहिल्या दिवसापासून दरपत्रकावर छापलेले हवेत. मागे एका छायाचित्रकाराच्या प्रदर्शनात मी एक प्रत घेतली आणि पुढच्या हंगामात त्याच चित्राचा दर निम्म्याने उतरवलेला पाहिला. विक्री मंद होती एवढेच कारण होते. त्यानंतर त्यांचे काम आवडूनही मी घेतले नाही. दर कमी ठेवून सुरुवात करा. वर जाता येते; खाली येताना आधीचे सगळे ग्राहक पाहत असतात.

आणि प्रतीसोबतच्या कागदावर कागदाचा प्रकार, शाई, छपाईचे वर्ष आणि छायाचित्र टिपल्याचे वर्ष ही दोन्ही वर्षे वेगवेगळी लिहिलेली असावीत. २००८ मध्ये टिपलेले चित्र आता छापले असेल तर ते तसेच सांगावे.

राखाडीछटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फ्रेमवरील कमिशनचा हिशेब मी या दृष्टीने कधी केलाच नव्हता. पूर्वीच्या खरेदीदारांपैकी बहुतेकांचे पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांना कळवण्याचे काम आजच सुरू करतो.

आता छपाईविषयी. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. गॅलरीला दोन आकार हवे आहेत: एक ३० × ४५ सेंमी आणि दुसरा ६० × ९० सेंमी. मोठा आकार पेलेल का? कागद मॅट (बिनचमकीचा) सुती घ्यावा की बरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेला, चमकदार), यावरही माझे मन ठरत नाही. मालिकेत काळोख पुष्कळ आहे. फ्रेमवर खर्च मर्यादित ठेवायचा आहे, पण कुठे काटकसर करू नये ते सांगावे.

उत्तर : कागद_आणि_शाई

छपाई आणि फ्रेम हाच माझा व्यवसाय असल्याने सविस्तर लिहितो.

२४ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६००० × ४००० पिक्सेल. दर इंचाला ३०० पिक्सेल धरले तर त्यातून सुमारे ५१ × ३४ सेंमीची प्रत निघते, म्हणजे तुमचा लहान आकार आरामात बसतो. ६० × ९० साठी हाच हिशेब दर इंचाला १७० पिक्सेलच्या आसपास येतो. हा आकडा वाचून घाबरण्याचे कारण नाही, कारण एवढे मोठे चित्र कोणी नाकाला लावून पाहत नाही; परंतु गॅलरीत एखादा पाहणारा जवळ जातोच, आणि तुमच्या विषयात फरशीवरचा डाग जवळून पाहण्याचा मोह होणारच. म्हणून सगळी चित्रे मोठ्या आकारात देऊ नका. तिपाईवरून टिपलेली, ज्यांत तपशील कडेपर्यंत धारदार आहे अशीच निवडा, आणि संपूर्ण प्रत छापण्याआधी चित्रातील सर्वांत नाजूक भागाची एक पट्टी पूर्ण आकारात छापून पाहा. धूसर, दाणेदार, हलक्या कंपातून आलेले चित्र लहान आकारात जास्त खुलते.

कागदाबाबत काळोखाचा विचार मोजून करता येतो. मॅट सुती कागदावर काळ्याची कमाल घनता साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते, चांगल्या बरायटा कागदावर ती २.२ च्या वर जाते. काचेआड, दालनाच्या प्रकाशात, हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. पण घनता म्हणजे सर्व काही नव्हे. बरायटाची चमक काळोखाला खोली देते आणि अंधारातला तपशील उघडा करते, तर मॅट कागद तोच काळोख काजळीसारखा मऊ करतो. तुमच्या चित्रांत तेल, लोखंड आणि काच आहे, म्हणून मी बरायटाकडे झुकेन. भिंतींच्या गिलाव्याची चित्रे अधिक असती तर उलट सांगितले असते. एकाच प्रदर्शनात दोन कागद मिसळू नयेत, आणि ज्या कागदावर एडिशनची पहिली प्रत निघाली त्याच कागदावर शेवटची निघावी, म्हणून कागद निवडताना तो पुढेही मिळत राहील याकडे लक्ष द्या. छपाईच्या नोंदवहीत कागदाचे नाव, वजन, शाईचा संच आणि वापरलेले प्रोफाइल (त्या कागद-शाईसाठीची रंगांची फाइल) लिहून ठेवा.

कागद निवडताना ऑप्टिकल ब्राइटनर नसलेला घ्या. ब्राइटनर कागदाला निळसर पांढरा उजळपणा देतात, पण काही वर्षांत त्यांचा प्रभाव ओसरतो आणि कागद पिवळट दिसू लागतो. शिवाय अतिनील किरण अडवणाऱ्या काचेआड तो पहिल्या दिवसापासूनच वेगळा दिसतो. शाई पिगमेंटचीच, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांचीच, हवी. टिकाऊपणाचे जे मोठमोठे आकडे जाहिरातीत दिसतात ते कोणत्या गृहीतकावर काढले आहेत ते वाचावे: विल्हेल्म इमेजिंग रिसर्च ही या क्षेत्रातील जुनी चाचणीसंस्था दिवसाला बारा तास ४५० लक्स इतका प्रकाश धरून वर्षे मोजते. संग्रहालये नाजूक कागदी कलाकृती ५० लक्सच्या आसपास लावतात. ग्राहकाने चित्र खिडकीसमोर लावले तर दोन्ही हिशेब कोलमडतात, आणि हे त्याला विक्रीच्या वेळीच सांगणे चांगले.

प्रूफ, म्हणजे इथे चाचणीची प्रत, पाहण्याचा प्रकाशही महत्त्वाचा. तुम्ही ५००० केल्व्हिनच्या (पांढऱ्या उजेडाच्या) दिव्याखाली प्रत पसंत कराल आणि दालनात ३००० केल्व्हिनचे (पिवळसर उजेडाचे) दिवे असतील, तर तीच प्रत उबदार आणि थोडी गडद भासेल. एक प्रूफ घेऊन सरळ गॅलरीत जा, ज्या भिंतीवर ती लागणार आहे तिथे धरून पाहा, आणि अंधाऱ्या भागातला तपशील बुडत असेल तर छपाईसाठीची फाइल थोडी उजळा. मॉनिटर जितका जास्त उजळ ठेवलेला असेल तितकी प्रत काळी निघते, हे तर रोजचेच.

आता काटकसर. फ्रेमची लाकडी पट्टी साधी घ्या. काळी किंवा नैसर्गिक लाकडाची, अरुंद. त्यात वाचवलेले पैसे आतल्या वस्तूंवर घाला. माउंटचा बोर्ड आम्लरहित असावा आणि आयएसओ १८९१६ ही छायाचित्रांसाठीची चाचणी उत्तीर्ण झालेला असावा. ‘ॲसिड फ्री’ हे शब्द एकटे पुरेसे नाहीत. प्रत बोर्डावर चिकटवू नका. तिला मागून, वरच्या कडेला, जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने अडकवा, म्हणजे गरज पडल्यास ती सुखरूप सुटते आणि ऋतुमानानुसार कागद फुगला वा आकसला तरी त्याला हालचाल करता येते. साध्या चिकटपट्टीचा गोंद कागदात उतरतो आणि तपकिरी डाग धरतो. प्रत आणि काच यांच्यामध्ये माउंटची किंवा स्पेसरची (अंतर राखणाऱ्या पट्टीची) जागा असलीच पाहिजे. बरायटासारख्या चकचकीत पृष्ठभागाच्या प्रती दमट हवेत काचेला चिकटतात, आणि मग त्या सोडवताना पृष्ठभाग उचलला जातो.

६० × ९० मध्ये काचेऐवजी ॲक्रिलिक घ्या. वजन निम्म्यावर येते, आणि वाहतुकीत काच फुटून प्रत चिरली जाण्याचा धोका राहत नाही. ॲक्रिलिक सुक्या कापडाने पुसू नये, त्यावर स्थिर विद्युतभार येऊन धूळ ओढली जाते. परावर्तनरोधी काच महाग पडते, पण काळोखाची चित्रे साध्या काचेआड आरसा होतात आणि पाहणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. सगळ्यांना ती परवडत नसेल तर सर्वांत गडद चित्रांपुरती घ्या आणि उरलेली दिव्यांचा कोन बदलून सांभाळा.

उत्तर : दालनातली_मी

वरील उत्तराला एक जोड. फ्रेम सगळ्या चित्रांच्या करायच्या, पण प्रती सगळ्या एडिशनच्या आधीच छापून ठेवायच्या नाहीत. प्रत्येक चित्राची एक प्रत भिंतीवर आणि मागणी आली की पुढची, असेच सगळे करतात. फक्त करारात ‘प्रत मागणीनंतर अमुक आठवड्यांत’ असे लिहावे. फ्रेमचे माप दोनच ठेवले तर त्याच फ्रेम पुढच्या प्रदर्शनातही वापरता येतात.

किती चित्रे लावायची हे आम्ही ठरवू द्या. दालनाची भिंत मोजून, चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर धरून, मधल्या मोकळ्या जागेसह आराखडा केला की आकडा आपोआप ठरतो, आणि तो कलावंताच्या मनातल्या आकड्यापेक्षा हमखास कमी असतो. मालिकेतील जी दोन चित्रे एकच गोष्ट सांगतात, त्यांतले एक काढायचे. कोणते, यावर वाद घाला, जरूर घाला.

राखाडीछटा

गॅलरीशी आज बोलणे झाले. फ्रेमचा खर्च आधी वजा करण्यास त्यांनी लगेच होकार दिला. बंदी प्रदर्शनातील चित्रांपुरती ठेवण्यासही तयार आहेत, मुदतीवर मात्र सहाऐवजी नऊ महिने मागत आहेत, आणि त्या बदल्यात निमंत्रणपत्रिका व छोट्या पुस्तिकेच्या छपाईचा खर्च स्वतः उचलणार आहेत. मला हा सौदा मान्य करावासा वाटतो. एडिशन सर्व आकार मिळून बारांची आणि दोन प्रूफे, असे लिहून घेत आहे.

शेवटची एक शंका: सही आणि क्रमांक पुढच्या पांढऱ्या कडेवर करावेत की मागे? आणि पाठवताना एखादी प्रत खराब झाली, तर तिच्या बदल्यात काढलेल्या प्रतीला कोणता क्रमांक द्यायचा?

उत्तर : कागद_आणि_शाई

पुढची कडा माउंटच्या खिडकीतून दिसणार असेल तर तिथे सही करायला हरकत नाही. खिडकी चित्राच्या कडेला भिडवून कापणार असाल तर सही मागेच करा. मॅट कागदावर मऊ पेन्सिल उत्तम चालते. बरायटावर पेन्सिल नीट उमटत नाही, तिथे आम्लरहित पिगमेंट शाईचे पेन वापरा आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय प्रतीवर प्रत ठेवू नका. मागे लिहिताना चित्राच्या भागाखाली न लिहिता कडेच्या पांढऱ्या पट्टीमागे लिहा, आणि पेन्सिल दाबून चालवू नका; तिरप्या प्रकाशात दाब पुढून दिसतो. फ्रेममध्ये बसवल्यावर सही दिसणार नसेल, तर तीच माहिती लिहिलेली सहीची चिठ्ठी फ्रेमच्या मागच्या बाजूला लावा.

खराब झालेल्या प्रतीच्या बदल्यात नवी प्रत काढताना क्रमांक तोच राहतो. मात्र खराब प्रत आधी परत मागवा, आडवी फाडून तिचा फोटो काढा, आणि नोंदवहीत त्या क्रमांकासमोर तारखेसह लिहा. नव्या प्रतीच्या प्रमाणपत्रावर ‘आधीची प्रत नष्ट केली’ असे नमूद करून त्याची एक नक्कल गॅलरीलाही द्या. खराब प्रत परत आली नाही, तर नवी काढू नका. त्याऐवजी विम्याची भरपाई घ्यावी आणि तो क्रमांक वापरला गेला असे समजावे.